नोमीला जाण्याआधीचे सहा आठवडे

प्रश्न: ताई, मी हडपसरची, वय 20. नुकत्याच झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत 20 किमी वॉक, म्हणजे चालण्याची शर्यत, 1 तास 37 मिनिटं 20 सेकंदांत पूर्ण केली. जजांकडून तीन यलो पॅडल (इशारे) आणि बेंट नीचं, म्हणजे वाकलेल्या गुडघ्याचं, एक रेड कार्ड मिळालं. मार्चच्या मध्याला जपानमध्ये नोमीला आशियाई रेस वॉकिंग स्पर्धेसाठी जायचंय. पहिलीच परदेशवारी आहे, हातात सहा आठवडे आहेत. वेग किती वाढवू? थंडीचं काय करू? आणि तिथले जज आपल्याकडच्यांपेक्षा कडक असतात का?

उत्तर:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. वेग वाढवू नकोस. एक सेकंदसुद्धा नाही.

तोंड वाकडं केलं असशील, मला माहीत आहे. पण आपला हंगाम कसा लागतो ते बघ. मार्चमधली शर्यत म्हणजे जगातल्या बऱ्याच वॉकर्सना वर्षाची सुरुवात वाटते. आपण तोवर एकदा पूर्ण पिळून निघालेलो असतो. रांची किंवा चंडीगडच्या थंडीत जानेवारी-फेब्रुवारीत राष्ट्रीय स्पर्धा होते, निवड तिच्यावरच ठरते, त्यामुळे जो तो तिथे जीव काढून चालतो. आपल्या चांगल्या वेळाही तिथल्याच. प्रियांका गोस्वामीची 1:28:45 फेब्रुवारी 2021 मध्ये रांचीत लागली, अक्षदीप सिंगची 1:19:38 जानेवारी 2024 मध्ये चंडीगडला. दोन्ही त्या वेळचे राष्ट्रीय विक्रम. त्याच अक्षदीपचं 2023 चं उदाहरण मी माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगते. फेब्रुवारीत रांचीत तो 1:19:55 चालला. पुढच्या महिन्यात नोमीला 1:20:57, म्हणजे एक मिनिट दोन सेकंद हळू, आणि त्याच वेळेवर आशियाई सुवर्ण घेऊन आला. त्याआधी 2016 मध्ये गुरमीत सिंग तिथेच जिंकला होता, 1:20:29 मध्ये.

तेव्हा हे सहा आठवडे नवीन काही कमावण्याचे नाहीत. आहे ते सांडू न देता तिथपर्यंत न्यायचं, आणि ते एक रेड कार्ड सोडवायचं. माझ्या हिशेबी तुझं सगळं काम त्या कार्डात आहे.

आता ते कार्ड. नियम तुला पाठ असेल, तरी परत सांगते, कारण मुलं नियम पाठ करतात आणि स्वतःच्या पायाला लावत नाहीत. एक, डोळ्यांना दिसेल असा जमिनीशी संपर्क तुटता कामा नये. दोन, पुढचा पाय जमिनीला टेकल्या क्षणापासून शरीराच्या बरोबर खाली उभा येईपर्यंत गुडघ्यात सरळ हवा. पहिल्याचं पॅडल नागमोडी रेघेचं, दुसऱ्याचं वाकलेल्या कोनाचं. एक जज एका चुकीसाठी तुला एकदाच यलो दाखवतो. रेड कार्डासाठी आधी यलो दाखवलंच पाहिजे असं मात्र नाही, सरळ कार्डही जातं. आणि रेड कार्ड तुला कोणी दाखवत नाही. ते लिहून प्रमुखांकडे जातं आणि बोर्डावर तुझ्या नंबरासमोर चिन्ह लागतं. तीन वेगवेगळ्या जजांची तीन कार्डं झाली की खेळ संपला. पेनल्टी झोन असेल तर तिसऱ्या कार्डाला 20 किमीत दोन मिनिटं आत उभं राहायचं, आणि चौथ्याला बाहेर. झोन आहे की नाही ते स्पर्धेच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, ते वाच. तुझ्या वेगाने दोन मिनिटं म्हणजे चारशे मीटरहून थोडं जास्त. सनस मैदानाची एक अख्खी फेरी तू उभ्याउभ्या घालवणार.

जज कडक असतात का, हा तुझा प्रश्न मला थोडा चुकीचा वाटतो. आपल्याकडे वर्षानुवर्षं तेच जज तुला बघतात. ज्युनियरपासून तुझी चाल त्यांच्या डोळ्यांत बसलेली आहे. कोणी मुद्दाम सूट देत नाही, पण नजर सरावलेली असते. तिथे जज वेगवेगळ्या देशांचे. ते तुला आयुष्यात पहिल्यांदा बघणार, तेही तू समोरून जातेस तेवढे दोन-तीन सेकंद. म्हणजे त्यांना कोरी चाल दिसते. माझ्या मते ही नजर जास्त प्रामाणिक आहे. इथे जे यलोवर भागतं ते तिथे रेड होतं, एवढं धरूनच सराव कर.

सनसवर माझ्या लहानपणी एक आजोबा रोज सकाळी बाकावर बसायचे. सारसबागेतून फिरून यायचे, काठी टेकवायचे आणि आमच्याकडे बघत राहायचे. एकदा मला हाक मारून म्हणाले, "बाळ, पळायचं तर पळ, चालायचं तर चाल. हे मधलं काय चाललंय?" तेव्हा राग आला होता. आज जज म्हणून रस्त्याच्या कडेला उभी राहते तेव्हा नेमकं हेच बघते, मधलं काय चाललंय ते. त्या आजोबांना नियमाचं एक अक्षर माहीत नव्हतं आणि नजर मात्र पक्की होती. तू एक काम कर. वॉक अजिबात न कळणारा कोणीतरी कडेला उभा कर, बाबा असोत, शेजारच्या काकू असोत, आणि विचार, "मी पळतेय असं कधी वाटलं?" कधी वाटलं ते त्यांनी फक्त हात वर करून सांगायचं.

मोबाइलच्या स्लो मोशनबद्दल इथेच बोलते, कारण प्रत्येक घरात त्यावरून रडारड होते. आई व्हिडिओ काढते, त्यात दोन्ही पाय हवेत दिसतात आणि मुलगी म्हणते, मी तर लिफ्ट करतेय. अगं, वेगात चालणाऱ्या जवळजवळ सगळ्यांचेच पाय क्षणभर सुटतात. नियमात "डोळ्यांना दिसेल असा" हे शब्द म्हणूनच आहेत, आणि जजला कॅमेरा वापरता येत नाही. सेकंदाला 240 चित्रं घेणारा स्लो मोशन असेल तर एक चित्र म्हणजे सुमारे चार हजारांश सेकंद. पाय सुटलेली चित्रं मोज. सहा-सात असतील तर डोळ्याला सहसा कळत नाही. दहाच्या वर गेली की काळजी कर. आणि हे ताज्या पायांवर मोजू नकोस, पंधराव्या किलोमीटरनंतर मोज.

तुझी अडचण तर लिफ्टिंगची नाहीच, गुडघ्याची आहे. बेंट नीचं कार्ड बहुतेक वेळा गुडघ्यामुळे मिळत नाही, हे कदाचित तुला कोणी सांगितलं नसेल. पाय शरीराच्या फार पुढे टाकलास की टेकताना मांडीचा मागचा स्नायू ओढला जातो आणि गुडघा मऊ पडतो. नडगीपुढचा स्नायू दमला की पंजा लवकर खाली पडतो, टाच धड टेकत नाही, गुडघा परत मऊ. म्हणजे दुखणं एकीकडे आणि कार्ड दुसरीकडे. तू पाऊल लांब टाकून वेग काढतेस असा माझा अंदाज आहे. उंच मुली तसंच करतात. 4:51 प्रति किमीच्या वेगाला मिनिटाला 195 पावलं टाकलीस तर एक पाऊल साधारण 106 सेंमीचं पडतं. तुझी पावलं मोज. 180 च्या आसपास निघाली तर पाऊल 114 सेंमीच्या पुढे जातंय, आणि तुझं कार्ड तिथेच आहे. पुढचं पाऊल आखूड कर, मागचा पाय जमिनीवर जरा जास्त राहू दे, कमरेचं फिरणं वाढव. वेग तोच राहील.

यासाठी रोज दहा मिनिटं टाचांवर चाल, पंजे वर खेचून, नडगी पेटेपर्यंत. भिंतीला पाठ लावून पंजे वर-खाली करणं, तीस-तीसचे तीन फेरे. मांडीच्या मागच्या स्नायूला ताण, पण सरावानंतर, आधी नाही. हे कंटाळवाणं आहे आणि याचा कोणी व्हिडिओ टाकत नाही, म्हणून मुलं टाळतात.

सहा आठवडे कसे वापरायचे ते सांगते. पहिला आठवडा काहीच विशेष नको, सहा-आठ किलोमीटर सहज चाल, एखाद दिवस पोहणं. राष्ट्रीय स्पर्धेनंतर लगेच अंतर वाढवणाऱ्या मुली मी बऱ्याच पाहिल्या आहेत, मार्चमध्ये त्या नडगी धरून बसतात. मधले तीन आठवडे खरं काम. आठवड्यात एक दिवस 2 किमीचे पाच तुकडे शर्यतीच्या वेगाने, मध्ये एक मिनिट सावकाश. एक दिवस 12 ते 15 किमी सलग, शर्यतीपेक्षा दहा-बारा सेकंद हळू. रविवारी 22 ते 25 किमी लांब, बोलता येईल अशा वेगाने. बाकी दिवस हलके. शेवटचे दोन आठवडे अंतर आधी तीन भागांतले दोन भाग, मग निम्म्यावर आणायचं, वेग तोच ठेवायचा. पाय शिवशिवायला लागले की त्यांना तसंच राहू दे.

अंतराबद्दल एक. आपण सगळे 20 किमीवर वाढलो, पण जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने 2026 पासून मोठ्या स्पर्धांत हाफ मॅरेथॉन आणि मॅरेथॉनचं अंतर आणलं आहे. तुझ्या शर्यतीचं अंतर निवडीच्या पत्रात नीट बघ. 21.0975 असेल तर तुझ्या वेगाने सव्वापाच मिनिटांहून थोडं जास्त चालायचं आहे. रविवारच्या लांब चालीत ते निघतं, फार विचार करू नकोस.

आता जागा. ट्रॅकवर आठवड्यातून एकदाच जा. सतत डावीकडे वळून एका बाजूचं कंबर-नितंब आखडतं, आणि शर्यत तर रस्त्यावर आहे. रस्त्यावरची फेरी नियमाने 1 ते 2 किमीची असते, टोकाला प्लॅस्टिकचा शंकू ठेवलेला असतो, त्याला वळसा घालून परत. हा वळसा म्हणजे कार्डांचं दुकान. वळताना वेग पडतो, मुलगी घाबरते आणि बाहेर पडल्या पडल्या दोन-चार पावलं धावल्यासारखी टाकते. जजला ते चांगलंच माहीत असतं. बालेवाडीच्या क्रीडासंकुलातल्या आतल्या रस्त्यावर किंवा कॅम्पात रेसकोर्सकडे पहाटे सपाट पट्टा बघ, पाचशे मीटर मोजून दोन्ही टोकांना बाटली ठेव आणि फेऱ्या मार. वळसा घेताना पावलं आखूड आणि भरभर, आतला हात खाली, आणि बाहेर पडल्यावर वेग दहा पावलांत परत आणायचा, दोन पावलांत नाही. वळशाला दोन सेकंद गेले तर जाऊ देत. 20 वळसे म्हणजे चाळीस सेकंद होतात, पण ते सगळ्यांचेच जातात.

पुण्याचा पहाटेचा सराव तुला आणखी एका बाबतीत उपयोगी आहे. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथे सकाळी नऊला शर्यत लागली तर आपले साडेपाच. तू रोज पहाटे साडेपाचला रस्त्यावर असतेस, म्हणजे तुझं शरीर जपानच्या वेळेला आधीपासूनच कामाला लागलेलं आहे. युरोपातल्या मुलींना हे सुख नाही. फक्त झोप. नऊच्या शर्यतीला तिथे पाचला उठावं लागतं, म्हणजे आपला रात्रीचा दीड. शेवटच्या आठवड्यात रात्री साडेआठला अंथरुणात जा, पहाटे साडेतीनला ऊठ. घरचे कुरकुर करतील, करू देत.

थंडीबद्दल लोक उगाच घाबरवतात. नोमी इशिकावा प्रांतात, जपानच्या पश्चिमेच्या समुद्राजवळ. मार्चमध्ये सकाळचं तापमान साधारण 5 ते 10 अंश धरून चाल. पुण्यात जानेवारीत पहाटे आपण दहा अंशांत चालतोच. खरा त्रास ओल्या वाऱ्याचा आणि पावसाचा. आणि तू जाशील तेव्हा पुण्यात दुपारी पस्तिशीचं ऊन सुरू झालेलं असेल, त्यामुळे शरीर उलट दिशेला सरावलेलं असतं. म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत दुपारी सराव करू नकोस.

थंडीत वेग थोडाफार कमी होतो, ते सोड. थंडीने तुझी नेमकी दुबळी जागा पकडली जाते. गार स्नायू आखडतात, मांडीचा मागचा भाग सोडत नाही, गुडघा शेवटच्या अंशापर्यंत सरळ होत नाही. तुझ्यासारख्या मुलीला पहिल्या तीन किलोमीटरांतच बेंट नीचं पॅडल दिसू शकतं, नंतर शरीर तापल्यावर दिसणार नाही. म्हणून वॉर्म-अप इथल्यापेक्षा लांब कर, चाळीस मिनिटं धर. त्यानंतर कॉल रूममध्ये बसवतात, बूट, नंबर, कपड्यांवरचे लोगो तपासतात, आणि त्यात पंधरा-वीस मिनिटं जातात. तेवढ्यात सगळी ऊब निघून जाते. जाड जॅकेट आणि पँट अंगावरच ठेव, शेवटच्या क्षणी काढ, बसून राहू नकोस, जागच्या जागी टाचा-पंजे करत राहा. शर्यतीत हातमोजे, बाह्या, पातळ टोपी हवीच. गरम झालं तर हातमोजे काढून कमरेला खोचता येतात. पायात सैल पँट मात्र नको. जजांना पाय दिसण्यात अडथळा येईल असे कपडे चालत नाहीत, आणि तुला तर गुडघे दिसायला हवेतच, सरळ असल्याचा पुरावा तोच आहे.

वाऱ्याचं एक निरीक्षण सांगते, पुस्तकात मिळणार नाही कदाचित. सरळ जाऊन परत येणाऱ्या फेरीत एका बाजूला वारा समोरून, दुसऱ्या बाजूला पाठीवर. समोरून आला की मुली कमरेतून पुढे वाकतात, नितंब मागे राहतं, गुडघा वाकतो. पाठीवरून आला की पाऊल आपोआप लांबतं आणि उचललं जातं. म्हणजे एकाच फेरीत दोन्ही प्रकारची कार्डं. समोरच्या वाऱ्यात झुकायचंच असेल तर घोट्यातून झुक, कमरेतून नाही, आणि वेग पाच सेकंद सोड. पाठीच्या वाऱ्यात हात खाली ठेव, मुठी छातीच्या वर जाऊ देऊ नकोस. खडकवासल्याच्या धरणाकाठी एखाद्या आडवारी पहाटे जाऊन हे करून बघ. रविवारी नको, कणसं खायला आलेल्या गाड्यांतून चालावं लागेल.

बोर्ड वाचायला शीक. हे मी हसत सांगत असले तरी माझं पहिलं परदेशी पदक याच्यामुळे गेलं, मिळालं असतं की नाही तो भाग वेगळा. आमच्या वेळी पेनल्टी झोन नव्हता. मी पहिल्या पाच किलोमीटरांत चिनी मुलींच्या मागे लागले, माझ्या नेहमीच्या वेगापेक्षा पंधरा सेकंद पुढे. मस्त वाटत होतं. आठव्या किलोमीटरला बोर्डावर माझ्या नंबरासमोर दोन चिन्हं होती. मी बोर्डाकडे बघितलंच नाही, घड्याळाकडे बघत होते. बरोबर आलेले प्रशिक्षक दुसऱ्या टोकाला चहा पीत होते. अकराव्याला मुख्य जज समोर आल्या, हातात लाल पॅडल, आणि मला आधी वाटलं की माझ्या मागच्या मुलीला थांबवताहेत. हॉटेलवर जाऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

तसं बघितलं तर मी एकटी नाही. 2000 साली सिडनीत ऑलिंपिकमध्ये महिलांची 20 किमी वॉक पहिल्यांदा झाली. आघाडीवर असलेल्या तिघी एकीमागून एक बाद झाल्या. शेवटची ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल, स्टेडियमच्या तोंडाशी, घरच्या प्रेक्षकांचा आवाज कानावर येत असताना. सुवर्ण चीनच्या वांग लिपिंगला गेलं.

तर प्रत्येक फेरीला बोर्ड. कार्ड लिहून बोर्डावर चढायला वेळ लागतो, त्यामुळे जे दिसतं ते थोडं जुनं असतं, एक वाढवूनच धर. बोर्डावर एक दिसलं तर चाल तशीच ठेव, फक्त पुढचं पाऊल आखूड. दोन दिसली तर वेग लगेच दहा सेकंदांनी सोड आणि सोबतच्या मुलींना जाऊ दे, कितीही जीवावर आलं तरी. यलो दिसलं की चिन्ह बघ. नागमोडी असेल तर खांदे आणि हात खाली, पाऊल लहान. कोन असेल तर पंजा वर खेच, टाच आधी, गुडघा टेकतानाच सरळ. हे दोन उपाय वेगळे आहेत, घाबरलेल्या डोक्यात त्यांची अदलाबदल होते, म्हणून सरावात कोणीतरी अचानक पॅडल दाखवायला हवं.

वेगाचा हिशेब: पहिले 5 किमी 4:55 ने, म्हणजे 24:35. मधले दहा 4:51 ने, म्हणजे 15 किमीला 1:13:05. शेवटचे पाच 4:47 ने, जर बोर्ड स्वच्छ असेल तर. 1:37:00 होतात, राष्ट्रीयपेक्षा वीस सेकंद चांगले, आणि वेग वाढवू नकोस असं म्हणणारी मीच तुला हे सांगतेय. बोर्डावर काही असेल तर शेवटचे पाच 4:55 नेच संपव. 1:37:40 आणि शर्यत पूर्ण, एवढ्यावर मी तुला पेढे देईन. नोमीचा रस्ता वेगवान म्हणून प्रसिद्ध आहे, युसुके सुझुकीने आपल्या या गावीच 2015 मध्ये 1:16:36 चा विश्वविक्रम केला होता. 2025 मध्ये तोशिकाझू यामानिशीने कोबेमध्ये 1:16:10 करून तो मोडला. स्टार्टला आजूबाजूला जपानी मुली सुसाट निघतील. त्यांना निघू दे.

प्रवासाचं झटपट. शर्यतीचे बूट, कपडे, एक जोडी मोजे हँडबॅगेतच, सामानात अजिबात नाही. माझी बॅग एका विमान कंपनीने दुसऱ्याच शहरात नेऊन ठेवली होती आणि मी उसन्या बुटांत चालले, अर्धा नंबर मोठे होते, दोन्ही अंगठ्यांची नखं गेली. बूट जागतिक संघटनेच्या मान्य यादीत आहे ना ते आत्ताच बघ. नवीन घ्यायचा असेल तर या आठवड्यात घे आणि त्यात निदान ऐंशी किलोमीटर चाल. बसचा लांब पल्ला आला तर दर तासाला उभी राहा.

खाण्याचं जपानला तसं सोपं, भात सगळीकडे मिळतो. तू शाकाहारी असशील तर एवढं लक्षात ठेव की तिथल्या साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही बऱ्याचदा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. सोबत राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, दोन-तीन पाकिटं जाड पोहे ने. ताजी फळं नेऊ नकोस, विमानतळावर काढून घेतात. शर्यतीआधी तीन तास तेच खा जे इथे लांब चालीआधी खातेस. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नकोस, प्रत्येक दुसऱ्या फेरीला दोन घोट. आणि पाणी ठरलेल्या टेबलावरूनच घ्यायचं, कडेला उभ्या असलेल्या कोणी प्रेमाने बाटली पुढे केली तरी हात लावायचा नाही.

औषधांबद्दल मी कडक आहे. सर्दी झाली म्हणून घरातली गोळी घेऊ नकोस. स्यूडोएफेड्रिन सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत असतं, स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणावर ते बंदी घातलेलं आहे, आणि जपानमध्ये ते असलेली काही औषधं नेण्यावरही बंधनं आहेत. ओळखीच्या कोणी दिलेलं चूर्ण, जिमवाल्याचा डबा, "पूर्ण आयुर्वेदिक आहे" असं सांगून दिलेलं काहीही नको. जे घेतेस ते संघाच्या डॉक्टरांना लिहून दे.

आणखी एक, जे पुरुष प्रशिक्षक विचारत नाहीत आणि मुली सांगत नाहीत. पाळीची तारीख शर्यतीच्या आठवड्यात येतेय का ते आत्ता बघ. येत असेल तर घाबरण्यासारखं काही नाही, मी स्वतः दोनदा तशी चालले आहे, पण सामान सोबत ने आणि प्रशिक्षकांना स्पष्ट सांग. तारीख पुढे ढकलायची गोळी पहिल्यांदाच घ्यायची असेल तर ती शर्यतीच्या वेळी घेऊन बघू नकोस, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) याच आठवड्यात तपासून घे. लोह कमी निघालं तर सहा आठवड्यांत थोडाफार फरक पडतो, दोन आठवड्यांत पडत नाही.

पहिला हलका आठवडा झाला की पुढच्या शनिवारी पहाटे सव्वापाचला बालेवाडीला मुख्य दारापाशी ये. आमची चार पोरं असतील. मी पुठ्ठ्याची पॅडल करून ठेवली आहेत, एक मी धरीन, एक माझी भाची, तिला वॉकमधलं काही कळत नाही. एका झाडाला वही टांगू, तोच बोर्ड. 12 किमी, पाचशे मीटरच्या फेऱ्या, 4:55 ने. हातमोजे घेऊन ये, उकडलं तरी घालूनच चालायचं आहे. आणि घड्याळ घरी ठेवून ये.